लाभपाचमीला मुका झालेला काटा

आमच्या शहादा तालुक्यात कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीला आलेला माणूस पहिलं वाक्य म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." दुसरं वाक्य त्याच्याकडे नसतं. डॉक्टर निदान नाडी तरी धरतो. हे लोक मशीनला हात लावायच्या आधीच त्याला धुऊनपुसून कोरं करायला निघतात. मला या शब्दाची मनापासून चीड आहे. उभं आयुष्य शाळेत काढलं मी. पोराचं गणित चुकलं तर कुठली पायरी चुकली ते शोधायचं असतं, अख्खी वही बंबात घालायची नसते. माझी ही चीड गावात सगळ्यांना पाठ आहे आणि कोणी ती मनावर घेत नाही. आशा पावराने मात्र मला न विचारताच माझी बाजू घेतली, म्हणून तिच्याबद्दल लिहितो आहे.

आशा कळसाडीजवळच्या फाट्यावर वजनकाट्यावर बसते. रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला लोखंडी प्लॅटफॉर्म, त्यावर अख्खा ट्रॅक्टर नाहीतर ट्रक चढवायचा आणि शेजारच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर वजन बघायचं. काटा जवरीलाल शेठचा. शेठचे आजोबा राजस्थानातून आले असं सांगतात, पण शेठ बाजारात आमच्याहून चोख अहिराणी बोलतात. मुलगा महावीर स्वभावाने गोड, पण नव्या वस्तूचा भलता शौकीन. जुनं काही दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटते.

आणि आशा तोरणमाळच्या पलीकडच्या एका पाड्यातली. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जायचे आणि ही आश्रमशाळेत राहायची. घरी पावरी, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी, अशा तीन बोलींत वाढलेली पोरगी. शहाद्याला आयटीआयमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि पहिलीच नोकरी या काट्यावर लागली. बोलते कमी. पण एखादं काम हातात धरलं की सोडत नाही. एका पावसाळ्यात काट्याखालच्या खड्ड्यात पाणी तुंबलं, मोटर जळाली, शेठ म्हणाले राहू दे, उद्या बघू. हिने ओढणी कमरेला खोचली आणि बादलीने पाणी उपसत बसली. शेवटी लाजून आम्ही चार जण खाली उतरलो. त्या दिवशी मी तिला हट्टी म्हणालो होतो, आणि ते कौतुकाने नव्हतं.

या काट्याची एक गंमत आहे, आणि सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. हा काटा बोलतो. केबिनवर एक भोंगा लावलेला आहे. गाडी चढली की त्यातून वजन ऐकू येतं, आधी मराठीत आणि मग पावरीत. पावरीतला आवाज आशाचा.

डोंगरातले लोक माल आणतात तो सामायिक पिकअपमधून. पाच-सहा घरं मिळून एक गाडी करतात. भरलेली गाडी एकदा तोलायची, मग एका घरची पोती उतरवायची आणि गाडी पुन्हा तोलायची. जेवढं कमी भरलं तेवढा त्या घरचा माल. मग दुसरं घर, मग तिसरं. हिशोब सोपा आहे, पण आकडे पडद्यावर उमटणार आणि ज्याचा माल तो बाहेर उन्हात उभा. आशाची आई रमिलाबाई अशीच कुठल्याशा काट्यावर उभी राहायची. किती भरलं असं तिने विचारलं, तर तिथला माणूस मान हलवून म्हणायचा, बरोबर आहे. आकडा कोणी सांगायचं नाही. आईचा हात धरून उभी असलेली आशा तेव्हा दुसरी-तिसरीत होती. तिला अंक वाचता यायचे, पण तिला कोणी आत येऊ देत नसे.

त्यामुळे ती इथे लागली आणि काट्याचा प्रोग्राम मराठीत बोलतो हे तिने पाहिलं, तेव्हा तिने तो लिहिणाऱ्या भाईदासला गाठलं. भाईदास शहाद्याचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, जुन्या वळणाचा कारागीर. पावरीत बोलेल का, म्हणून आशाने त्याच्या मागे धोशा लावला. तो म्हणाला, तू आवाज दे, मी बसवतो. केबिनचा पंखा बंद करून, खिडकी लावून दोघं घामाने निथळत बसले आणि सगळे आकडे रेकॉर्ड केले. एका आकड्याच्या मागे बकरी ओरडलेली आहे, ती अजून तशीच ओरडते. भाईदासचा प्रोग्राम दुसऱ्या काटेवाल्यांनी चोरू नये म्हणून त्याने तो त्या मशीनमधल्या विंडोजशीच कुलूपबंद करून ठेवला. विंडोज बदललं की प्रोग्राम किल्ली मागणार, आणि किल्ली फक्त भाईदासकडे. भाईदास करोनात गेला. किल्ली कुठे ठेवली ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही.

एवढं सांगितलं की त्या लाभपाचमीला काय पणाला लागलं होतं ते कळेल.

दिवाळीपासून काटा बंद होता. लाभपाचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, शेठ पूजा करून धंदा उघडतात आणि लाभाच्या चौघडियात, म्हणजे पंचांगातल्या त्या शुभ वेळेतच, पहिला तोल करतात. त्या सकाळी मी माझा कापसाचा ट्रॅक्टर घेऊन रांगेत होतो. माझ्यापुढे मक्याच्या पोत्यांनी भरलेली एक पिकअप होती आणि तिच्याभोवती डोंगरातली मंडळी बसलेली. त्यांच्यातली धनुबाई मला ओळखीची, दरवर्षी येणारी, सडपातळ, सगळ्यांवर हुकूम सोडणारी बाई. शेठनी काट्याला नारळ फोडला, कॉम्प्युटरला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. गावाहून नुकतीच परतलेली आशा खुर्चीवर बसली आणि तिने प्रोग्रामवर बोट दाबलं.

भाईदासचा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा, काळ्या खिडकीत चालणारा. कॉम्प्युटरवाले तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. काळी खिडकी उघडली, डोळ्याची पापणी लवावी तशी चमकली आणि मिटली. आशाने पुन्हा दाबलं, ती पुन्हा मिटली. मशीन बंद करून चालू केलं, तरी तेच. मग तिने प्रोग्रामला बाजूला ठेवलं आणि नुसती काळी खिडकी उघडून पाहिली. तीही चमकली आणि मिटली.

"काय व्हयनं, आशाताई?" महावीरने दारातून विचारलं.

"भाईदासभाऊना प्रोग्राम चांगला शे. काळी खिडकीज टिकी नही ऱ्हायनी," आशा म्हणाली.

महावीरने लगेच फोन काढला. "मी नंदुरबारथून भरतले बलावस. फॉरमॅट मारी टाकू, नवी सिस्टीम टाकी लिऊ. नाहीतरी हाई जुनाट व्हई जायेल शे."

"फॉरमॅट नही मारनं," आशा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही. "फॉरमॅट मारा तर काटा पावरी बोलाव नही."

जवरीलाल शेठ दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण त्यांची काळजी वेगळी होती. लाभपाचमीला पहिलाच तोल अडला म्हणजे वर्ष कसं जाणार, याने त्यांचा जीव टांगणीला लागलेला. नवी सिस्टीम, जुनी सिस्टीम, त्यांना काही घेणं नव्हतं. काटा चालला पाहिजे होता.

"बेटा," ते शेवटी म्हणाले, "लाभना चौघडिया सरस तठलोंग मी थांबस. मंग भरत म्हनी तसं."

म्हणजे चौघडिया सरेपर्यंतचीच मुदत. आशाने मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. काळी खिडकी उघडायच्या वाटा ती एक एक करून पाहत होती. दुसऱ्या चिन्हावरून उघडली, मिटली. दुसऱ्या नावाने उघडली, मिटली. मोबाइलला केबिनमध्ये रेंज नसते, म्हणून ती मधूनच बाहेर येऊन माझ्या ट्रॅक्टरच्या टपावर चढायची, काहीतरी वाचायची, उतरून पुन्हा आत जायची. चौथ्यांदा चढली तेव्हा मी म्हणालो, "पोरी, पाणी तरी पी." तिने बाटली घेतली, तोंडाला लावायची विसरली आणि तशीच हातात धरून आत गेली.

दुरुस्तीवाला भरत मोटरसायकलवर आला. मी त्याला पाहताच नाक मुरडलं, खिशातला पेनड्राइव्ह त्याने उतरायच्या आधीच बाहेर काढला होता. पण माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करायला हवं. त्याने आशाचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"ताई, मी खोटं सांगत नही," तो म्हणाला. "तुन्हा आवाजन्या फाइली मी काढी दिसू. पन कुलूप याच विंडोजले बांधेल शे. ते मन्हा हातमा नही."

"मंग काळी खिडकी दुरुस्त करू."

"ती खराब व्हई जायेल व्हई. थांब, तपासी लिऊ."

काळ्या खिडकीवाचून तपासणी करायची एक वाट त्याला माहीत होती. विंडोजमध्ये निळ्या रंगाची दुसरी एक खिडकी असते, तिच्यातून त्याने हुकूम दिला. तो हुकूम मशीनच्या स्वतःच्या सगळ्या फाइली एक एक करून तपासत जातो, मोडलेली सापडली तर नीट करतो. टक्के सरकत होते आणि आम्ही सगळे दारात गर्दी करून पाहत होतो. बाहेर रांग वाढत गेली. कोणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा धनुबाईने उठून त्याला असं काही सुनावलं की त्याने पुन्हा वाजवला नाही. शेवटी शंभर टक्के झाले. एकही फाइल मोडलेली नव्हती.

"फाइल चांगली शे," भरत हताश होऊन म्हणाला. "आते फॉरमॅटज."

"फाइल चांगली शे तर फॉरमॅट कसाले?" आशाने विचारलं.

मला तिथल्या तिथे टाळी वाजवावीशी वाटली. आशाला टाळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाली, "फाइल चांगली शे, तरी मिटस. म्हंजे कोनी तरी तिले मिट म्हनी ऱ्हायनं."

"पन कोन? ती एवढी झटकन मिटस, काय दिसाव नही," भरत म्हणाला.

मग तिने आपला मोबाइल भरतच्या हातात दिला आणि लग्नात नाचणाऱ्यांचा करतात तसा संथ व्हिडिओ काढायला सांगितलं. भरतने मोबाइल पडद्यासमोर धरला, आशाने खिडकी उघडली. ती चमकली आणि मिटली. मग सगळे त्या मोबाइलवर वाकले. संथ चित्रात काळी खिडकी हळूहळू उमलत गेली आणि तिच्या डोक्याशी, रोमन अक्षरांत, स्वच्छ लिहिलेलं दिसलं: श्री. खाली शुभ लाभ. आणि मग खिडकी मिटली.

"हाई भाईदासभाऊनं नही," आशा म्हणाली. "मी रोज देखस. हाई पह्यले नव्हतं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. महावीर मात्र कोणाकडेच बघत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

"हाई... हाई मी लिखेल शे," तो म्हणाला.

प्रकरण असं होतं. व्यापाऱ्याच्या घरी दिवाळीला नव्या वहीवर सगळ्यात आधी श्री लिहितात, मग शुभ लाभ. श्री लिहिल्याशिवाय वहीत एक अक्षर पडत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जवरीलाल शेठ म्हणाले होते, आता सगळं काम या डब्यात चालतं, तर याच्यावर श्री कुठे आहे? महावीरने ते मनावर घेतलं. काळी खिडकी कधीही उघडली तरी आधी अमुक ओळी दाखवाव्यात अशी सोय विंडोजमध्ये आहे, हे त्याने मोबाइलवरच्या एका व्हिडिओत पाहिलं आणि तसंच केलं. व्हिडिओतल्या माणसाने शेवटी स्वतःची खिडकी बंद करण्यासाठी बाहेर पडायचा हुकूम टाइप केला होता. महावीरला वाटलं, तोही विधीचाच भाग. त्याने ती ओळ शुभ लाभच्या खाली लिहून टाकली. खिडकी चमकून मिटली तेव्हा त्याने हात जोडले. श्री लिहून झालं, काम फत्ते, असं समजून मशीन बंद केलं आणि फटाके फोडायला गेला. म्हणजे काळी खिडकी त्या दिवसापासून आज्ञेप्रमाणेच वागत होती. उघडायची, श्री म्हणायची, आणि सांगितल्यासारखी बाहेर पडायची.

महावीरवर मी ओरडणारच होतो. पण शेठकडे नजर गेली आणि शब्द गिळले. म्हातारा खुर्चीत खचल्यासारखा बसला होता. देवाचं नाव घेऊन धंदा उघडावा आणि त्याच नावाने दार लावलं जावं, असं त्यांच्या मनात आलं असणार.

"काढी टाक, बेटा," ते आशाला म्हणाले. "मन्हं श्री तठे नको."

भरतही म्हणाला, सगळंच उडवून टाकू, कटकट नको. आशाने दोघांचं ऐकून घेतलं आणि महावीरला आपल्या शेजारी स्टुलावर बसवलं. ते लिहिलेलं त्याने कुठे ठेवलं हे त्याला आता आठवत नव्हतं, घाम पुसत नुसता इकडेतिकडे बोट दाखवत होता. मग तिने त्याला बाहेर, माझ्या ट्रॅक्टरच्या टपावर चढवलं आणि तोच व्हिडिओ पुन्हा शोधायला लावला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला शेठचा मुलगा लाभपाचमीच्या दिवशी ट्रॅक्टरच्या टपावर उकिडवा बसून वरून ओरडतो आहे, भरत दारात उभा राहून तेच आत सांगतो आहे, आणि आत आशा एकेक पायरी उलटी उतरते आहे. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून तमाशा बघत होते. शेठ दर थोड्या वेळाने घड्याळ बघायचे. चौघडिया सरत आला होता.

सापडलं. विंडोजच्या पोटात एका जागी महावीरच्या फाइलचा पत्ता लिहिलेला होता. तिथून ती फाइल उघडली. आत एवढंच, श्री, शुभ लाभ आणि शेवटी तो बाहेर पडायचा हुकूम.

"शेठजी," आशा म्हणाली, "श्रीनी काहीज चूक नही. शेवटली ओळ चुकेल शे. मी तेवढीज काढस."

तिने शेवटची ओळ पुसली, फाइल जतन केली आणि काळी खिडकी उघडली. श्री आलं. शुभ लाभ आलं. खिडकी तशीच उघडी राहिली, तिच्यात ती छोटी पांढरी रेघ लुकलुकत होती. आम्ही सगळे ती रेघ बघत उभे होतो. मी सरळ सांगतो, मला भरून आलं. एका लुकलुकणाऱ्या रेघेसाठी माझ्या वयाच्या माणसाने डोळे पुसावेत, याचं कोणालाही हसू येईल, पण पुसले. शेठनी खिडकीतल्या त्या श्रीला नमस्कार केला. आशाने तोपर्यंत प्रोग्राम चालू केला होता आणि ती पिकअपला हाताने बोलावत होती.

पहिला तोल चौघडियात झाला. भरलेली पिकअप काट्यावर चढली आणि भोंग्यातून वजन आलं, आधी मराठीत, मग आशाच्या आवाजात पावरीत. गाडीभोवतीची मंडळी नुसती मान वर करून ऐकत होती. मग धनुबाईच्या घरची पोती उतरली, गाडी तिथेच पुन्हा तोलली, आणि फरक भोंग्याने सांगितला.

धनुबाई थांबली. डोकं वाकडं करून तिने ऐकलं होतं ते मनाशी पुन्हा म्हटलं. घरून निघताना टोपल्यांनी मोजून पोती भरलेली, तिला आपला मका माहीत होता. तिने कमरेवर हात ठेवले, काट्यावरून नजर फिरवली आणि पावरीत केबिनच्या दिशेने मोठ्याने काहीतरी म्हणाली. डोंगरातली सगळी मंडळी खो खो हसायला लागली.

"काय म्हनस ती?" शेठनी घाबरून विचारलं. आज पुन्हा काही बिघडलं की काय, असं त्यांना वाटलं असावं.

आशा खिडकीतून बाहेर डोकावली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"ती म्हनस, शेठना पोऱ्या मन्हा मका खाई ऱ्हायना. त्याले खाले उतराले सांगा."

तेव्हा कुठे आमचं लक्ष गेलं. पहिल्या तोलानंतर महावीर आनंदाच्या भरात पेढ्यांचा बॉक्स घेऊन पिकअपच्या बाजूला, थेट काट्याच्या प्लॅटफॉर्मवर येऊन उभा राहिला होता. पोती उतरली होती, पण गाडीसोबत तोही तोलला गेला होता, आणि त्याच्या वजनाएवढा मका धनुबाईच्या वाट्यातून कमी झाला होता.

"उतर रे खाले!" शेठ ओरडले.

महावीर पेढे सांभाळत उडी मारून खाली आला. आशाने गाडी पुन्हा तोलली. भोंग्यातून तिचा आवाज आला, धनुबाईच्या मालाचा आधीपेक्षा मोठा आकडा घेऊन. धनुबाईने आकडा ऐकला, ओठ हलवून मनाशी एकदा ताडून पाहिला आणि हात उंचावून पुढच्या घरच्या बाईला सांगितलं की आता तू तुझी पोती उतरव.